प्रेमकथेतले दोघे

‘रेन मॅन’ या 1988 सालच्या चित्रपटात लास व्हेगासमधल्या हॉटेलाच्या लिफ्टमध्ये एक चुंबन आहे. रेमंड नवा सूट घालून, धाकट्या भावाने घाईघाईने शिकवलेला नाच लक्षात ठेवून एका बाईची वाट बघत थांबलेला असतो. बाई येत नाही. मग भावाची मैत्रीण सुझॅना त्याला लिफ्टमध्ये घेऊन जाते, लिफ्ट मध्येच थांबवते, त्याच्याबरोबर थोडं नाचते आणि त्याचं चुंबन घेते. कसं वाटलं, असं विचारते. ओलं, असं तो सांगतो.

प्रसंग फार हळुवार चित्रित केला आहे आणि मला तो आजही आवडतो. पण त्यात सुझॅनाने दिलं आणि रेमंडला मिळालं, एवढंच घडतं. बाई आली नाही याचं त्याला काय वाटलं, चुंबनानंतर त्याला आणखी काही हवंसं वाटलं का, हे विचारायला चित्रपट थांबत नाही. ‘रेन मॅन’ला चार ऑस्कर मिळाले, त्यांतलं एक रेमंडच्या भूमिकेसाठी डस्टिन हॉफमनला. त्यानंतर जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ऑटिस्टिक माणूस म्हणजे रेमंड हे पक्कं बसलं. आकड्यांची विलक्षण स्मरणशक्ती, ठरल्या वेळी ठरलेला टीव्ही कार्यक्रम, गर्दीची आणि आवाजाची भीती हे सगळं त्या प्रतिमेत आलं. प्रेमाला मात्र तिथे जेमतेम लिफ्टएवढी जागा मिळाली.

ऑटिस्टिक माणसांच्या प्रेमाकडे चित्रपटांनी कसं पाहिलं, हा या संग्रहाचा विषय आहे. पुढचे लेख एकेका चित्रपटात खोल शिरतात. मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. हे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले की लक्षात येतं, बहुतेकांत प्रेम करणाऱ्या दोघांपैकी एकच ऑटिस्टिक असतो आणि कॅमेरा दुसऱ्याच्या बाजूला उभा असतो. त्यामुळे प्रेमकथेची परीक्षा होते. याला प्रेम करता येईल का, हिला ते झेपेल का, हे दोन प्रश्न शेवटच्या दृश्यापर्यंत ताणले जातात आणि निकाल दुसऱ्याने द्यायचा असतो. प्रेमकथेत जे आपण एरवी बघायला जातो, म्हणजे दोन माणसं एकमेकांत कशी गुंतली, कुठे अडखळली, भांडण मिटवायला कुठली वाट काढली, ते बाजूला राहतं.

या परीक्षेचं मूळ चित्रपटांच्याही मागे आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा दिली. त्यानंतरची दोन-अडीच दशकं या अवस्थेचं कारण म्हणून आईकडे बोट दाखवलं गेलं. आईने पुरेशी माया केली नाही म्हणून मूल आत ओढलं गेलं, असा तो सिद्धांत. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्येच पुस्तक लिहून कारण जैविक असल्याचं मांडलं होतं, तरीही आयांवरचा आरोप विरायला बराच काळ गेला. आईचा थंडपणा हे कारण निकालात निघालं, पण थंडपणाचा शिक्का पुसला गेला नाही. तो आईवरून मुलावर आला. या माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही, त्यांना भावना नसतात, असल्या तरी वरवरच्या असतात, हे लोक बिनदिक्कत बोलू लागले. पडद्यावरची प्रेमकथा याच समजुतीच्या जमिनीवर उभी राहिली.

‘अ‍ॅडम’ (2009) हे याचं चांगलं उदाहरण. चांगलं अशासाठी की चित्रपट प्रामाणिक आहे आणि ह्यू डान्सीने मेहनतीने काम केलं आहे. वडील गेल्यावर न्यूयॉर्कच्या घरात एकटा उरलेला अ‍ॅडम इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे, अवकाशाचा वेडा आहे. त्याच इमारतीत राहायला आलेल्या बेथला तो खोलीतच ग्रहतारे दाखवतो, रात्री सेंट्रल पार्कमध्ये रॅकून बघायला नेतो. सुरुवातीच्याच भेटींत तो तिला सरळ सांगतो की मघाशी आपण एकत्र होतो तेव्हा मला शारीरिक ओढ वाटत होती, तुलाही वाटत होती का? बेथ दचकते. मग तो आपल्याला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम असल्याचं सांगतो. (2013 पर्यंत निदानाच्या याद्यांत हे नाव वेगळं होतं, नंतर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी ते ऑटिझमच्या वर्णपटातच सामावून घेतलं. म्हणून या काळातल्या बहुतेक चित्रपटांत तेच नाव ऐकू येतं.) त्या प्रश्नात मला तरी काही चूक दिसत नाही. दोन सज्ञान माणसांपैकी एकाने दुसऱ्याला विचारून घेतलं आहे. पण कॅमेरा बेथच्या चेहऱ्यावर आहे, म्हणून आपल्याला धक्का दिसतो.

शेवटी अ‍ॅडमला कॅलिफोर्नियात नोकरी मिळते. मी तुझ्याबरोबर का यावं, असं बेथ विचारते. तो आपल्याला तिची कशाकशासाठी गरज आहे ते सांगतो. तिला दुसरं वाक्य हवं असतं. ते येत नाही आणि ती जात नाही. पुढे अ‍ॅडम नव्या ठिकाणी एका सहकारी बाईच्या हातातली खोकी उचलायला आपणहून पुढे होतो. त्याला आता न सांगता कळू लागलंय, असं चित्रपट सुचवतो. म्हणजे नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्षासाठी तयार झाला. मराठी प्रेक्षकाला इथे थांबून विचार करावासा वाटेल. आपल्याकडे ‘तुझ्यावाचून माझं पान हलत नाही’ हे नवऱ्याने बायकोला म्हटलं तर त्यात प्रेमच ऐकतात, आणि अ‍ॅडम याहून वेगळं काय म्हणाला? गरज उघड बोलून दाखवणं हे प्रेमापेक्षा हलकं का ठरावं, हा प्रश्न पटकथेला पडतच नाही.

हिंदीतले दोन मोठे चित्रपट वाचकांनी पाहिलेलेच असतील. ‘माय नेम इज खान’ (2010) मधला रिझवान मंदिराच्या मागे लागतो. ती म्हणते, मी न पाहिलेलं सॅन फ्रान्सिस्को मला दाखव, मग लग्न करीन, आणि तो तिला पहाटे शहर दाखवतो. ते दृश्य सुंदर आहे. पुढे मुलगा गेल्यावर दुःखाच्या भरात ती त्याला काहीबाही बोलते आणि तो शब्दाला शब्द धरून राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघतो. तिथून हा चित्रपट एका निष्पाप माणसाच्या यात्रेचा होतो. रिझवान इतका निर्मळ आहे की त्याला नवरा म्हणून चूक करायलाही वाव नाही. तो चिडत नाही, हेवा करत नाही, बायकोकडे काही मागत नाही.

‘बर्फी’ (2012) मधल्या झिलमिलला, म्हणजे प्रियांका चोप्राने केलेल्या भूमिकेला, मात्र हेवा वाटतो, आणि ते पाहून मला बरं वाटलं. बर्फीची जुनी प्रेयसी श्रुती भोवती असली की ती घुसमटते, रुसते, निघून जाते. पण याच चित्रपटात बर्फीची एक युक्ती आहे. दिव्याचा खांब कापायचा, जिवलग माणसाचा हात धरून त्याखाली उभं राहायचं आणि खांब कोसळताना कोण हात सोडवून घेतं ते बघायचं. बाकीचे सोडवून घेतात, झिलमिल घेत नाही. प्रेक्षागृहात इथे डोळे पाणावतात. तिने हात सोडला नाही तो प्रेमामुळे, की वरून काय येतंय याचा तिला अंदाज आला नाही म्हणून? चित्रपटाला हे ठरवायचं नाही, कारण त्याला दोन्ही एकच वाटतं. धोका न कळणं हीच निष्ठा, अजाणपणा हेच शुद्ध प्रेम. झिलमिल बाई म्हणून कधी समोर येत नाही, लहान मुलीसारखीच राहते. अनुराग बसू यांनी दार्जिलिंगचं धुकं आणि कोलकात्यातलं त्या दोघांचं घर इतक्या मायेने रंगवलं आहे की ही उणीव पटकन जाणवत नाही.

एक जोडीदार ऑटिस्टिक आणि दुसरा तसा नाही, अशा कथा मुळातच फसतात असं मी म्हणत नाही. 2022 च्या ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी अटर्नी वू’ या कोरियन मालिकेने ते दाखवून दिलं. वकील यंगवूला कचेरीच्या फिरत्या दारातून आत शिरता येत नाही. सहकारी जुनहो तिला वॉल्ट्झच्या तालात पावलं मोजायला शिकवतो आणि दोघं दार ओलांडतात. मालिका पाहिलेला माणूस ते दार विसरत नाही. त्याहून मोलाचा प्रसंग नंतर येतो. जुनहोची बहीण भावाला सांगते की ज्याची काळजी घ्यावी लागेल असं माणूस नको, तुला सुखी करील असं माणूस आण. यंगवूच्या कानावर ते पडतं. आपल्याला काय वाटतं, आपल्याला हे नातं पेलेल का, याचा हिशेब ती स्वतः मांडते आणि नातं तोडायचा निर्णयही आधी तीच घेते. इथे कॅमेरा तिच्या बाजूला आहे, म्हणून निकाल देणारीही तीच.

2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणता, तर इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न समजणं दोन्ही बाजूंनी आहे आणि दोष मात्र एकाच्याच पदरात पडतो. याला पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ-आठ माणसांच्या साखळ्या केल्या. पहिल्याने गोष्ट ऐकायची, दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली तितकीच ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीतही टिकली. गळती झाली ती मिश्र साखळीत. शिवाय मिश्र साखळीतल्या लोकांना एकमेकांविषयी वाटलेली जवळीकही कमी होती.

चित्रपटांनी इतकी वर्षं मिश्र साखळीच दाखवली आणि तिच्यातली गळती एकाच्या खात्यावर मांडली. दोघंही ऑटिस्टिक असतील तर काय होतं?

या प्रश्नाला पहिलं मोठं उत्तर देणारा माणूस ‘रेन मॅन’च्या दोन पटकथाकारांपैकी एक, रॉन बास, हा होता. सतरा वर्षांनी, 2005 मध्ये, त्याने लिहिलेला ‘मोझार्ट अँड द व्हेल’ आला. दिग्दर्शक नॉर्वेचे पेटर नेस. कथेमागे जेरी आणि मेरी न्यूपोर्ट हे खरं जोडपं होतं. जेरीने लॉस एंजेलिसमध्ये ऑटिस्टिक प्रौढांचा एक गट सुरू केला होता. 1993 च्या हॅलोवीनच्या मेळाव्यात तो देवमाशाचा वेश करून आला आणि मेरी मोझार्टच्या बहिणीचा. 1994 मध्ये लग्न झालं, पुढे घटस्फोट झाला, मग 2002 मध्ये त्यांनी एकमेकांशीच पुन्हा लग्न केलं. चित्रपटात ते डोनाल्ड आणि इझाबेल होतात.

त्यातल्या एका प्रसंगासाठी मी हा चित्रपट कोणालाही सुचवीन. डोनाल्डचं घर म्हणजे उकिरडा. जागोजागी कागदांचे ढीग, भांडी पडलेली, पक्षी घरभर मोकळे फिरतायत. इझाबेलला त्याच्यावर जीव लावायचा आहे, म्हणून ती एके दिवशी तो नसताना सगळं घर आवरते, नको ते फेकून देते, लखलखीत करते. डोनाल्ड येतो, दार उघडतो आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. त्या ढिगाऱ्यात त्याची मांडणी होती. कुठे काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याचा दिवस उभा होता. तो कोसळतो. त्याचं कोसळणं बघून ती कोसळते, कारण तिने तर जीव ओतून केलं होतं. इथे समजूतदार बिगर-ऑटिस्टिक माणूस नाही, कॅमेऱ्याला टेकायला तिसरी जागा नाही. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही घायाळ आहेत. लग्न होऊन काही वर्षं झालेल्या कुठल्याही जोडप्याला हे ओळखीचं वाटेल, तरी त्यातली तीव्रता त्या दोघांचीच आहे.

पुढे डोनाल्डला नोकरी मिळते, साहेब जेवायला येणार असतो आणि तो इझाबेलला विनवतो की आजच्या दिवस नीट वाग. ती बिथरते आणि सगळं उधळून लावते. तिचा राग समजून घेण्यासारखा आहे. जगाने आयुष्यभर जे सांगितलं तेच आता प्रियकर सांगतोय. स्वतःचं वेगळेपण झाकून इतरांसारखं वावरण्याला ऑटिस्टिक मंडळी मास्किंग म्हणतात. दिवसभर मास्किंग करून माणूस संध्याकाळी गळून जातो, असं त्यांच्यापैकी अनेकांनी लिहिलं आहे. प्रेमाच्या माणसाजवळ तरी तो मुखवटा उतरवता यावा की तिथेही तो चढवूनच बसायचं, हा या चित्रपटाचा खरा झगडा आहे. तो एका ऑटिस्टिक माणसाने दुसऱ्यावर लादलेला असल्यामुळे अधिक टोचतो. जॉश हार्टनेट आणि राधा मिचेल दोघंही जीव तोडून काम करतात. मात्र दोघंही ऑटिस्टिक नाहीत, आणि मान तिरपी करणं, नजर चुकवणं, बोटं हलवणं यांतली मेहनत अधूनमधून वर येते.

‘कीप द चेंज’ (2017) मध्ये ती मेहनत नाही, कारण ब्रँडन पोलॅन्स्की आणि सामंथा एलिसोफन हे त्यातले दोघे कलाकार स्वतः ऑटिस्टिक आहेत. रेचल इस्रायल या दिग्दर्शिकेने आधी याच नावाचा लघुपट केला, मग कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं राबून पूर्ण लांबीचा चित्रपट. मॅनहॅटनमधल्या ज्यू समाजकेंद्रातला ऑटिस्टिक प्रौढांचा गट ही त्याची पार्श्वभूमी, आणि गटातली बाकीची मंडळीही खरी. ट्रायबेका महोत्सवात अमेरिकी कथापटांतलं सर्वोत्तम पारितोषिक त्याला मिळालं.

डेव्हिड हा नायक आपल्या विषयावरच्या चित्रपटांत मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो अजिबात निष्पाप नाही. पैसेवाल्या घरचा आहे, दिसायला रुबाबदार आहे, पाचकळ आणि कधीकधी दुखावणारे विनोद करतो, इंटरनेटवरून जमवलेल्या त्याच्या भेटी त्यापायी फसतात. पोलिसाला असाच एक विनोद ऐकवल्यामुळे त्याला सक्तीने गटात यावं लागतं. आपण ‘या लोकांतले’ नाही, अशी त्याची पक्की धारणा आहे. गटप्रमुख त्याला आणि साराला ब्रुकलिन पूल बघून यायचं काम देतो. सारा मोठ्याने बोलते, गाते, जे वाटतं ते बोलून टाकते. डेव्हिडला तिची लाज वाटते आणि ती हवीहवीशीही वाटते. कुठलाही बिगर-ऑटिस्टिक लेखक इथे त्याला पटकन शहाणं करून सोडेल. हा चित्रपट घाई करत नाही. तिच्याबरोबर दिसायला त्याला का नको वाटतं, हे आपल्याला हळूहळू कळतं: तिच्यात त्याला तो स्वतः दिसतो, आणि स्वतःला लपवण्यातच त्याचं आजवरचं आयुष्य गेलेलं आहे.

त्याची आई, जेसिका वॉल्टरने केलेली, साराला स्वीकारत नाही. तिला मुलासाठी ‘जरा वरची’ मुलगी हवी आहे. ऑटिझमच्या जगातही अशी उतरंड असते आणि आईबाप ती मनोमन जपत असतात, हे मला दुसऱ्या कुठल्या कथापटात इतकं उघड दिसलं नाही. पालकांच्या गटात बसलेल्या कोणालाही विचारा: कोणाचं मूल बोलतं, कोणाचं नाही, कोण नेहमीच्या शाळेत जातं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं.

माहितीपटांकडे मी थोडक्यात वळतो, त्यांच्यावर पुढे स्वतंत्र लेख आहे. मॅट फुलर यांचा ‘ऑटिझम इन लव्ह’ (2015) पाहताना भावना नसण्याच्या समजुतीचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. त्यात एका माणसाची बायको कर्करोगाने अंथरुणाला खिळली आहे. तो कमी बोलतो, चेहरा फारसा हलत नाही, रडत नाही. कॅमेरा त्याच्याजवळ पुरेसा वेळ थांबतो, आणि बघणाऱ्याला उमगतं की हे दुःख आहे, फक्त आपल्याला ओळखीच्या असलेल्या खुणा त्याला नाहीत. ‘लाइफ, अ‍ॅनिमेटेड’ (2016) हा रॉजर रॉस विल्यम्स यांचा माहितीपट ओवेन सस्किंडचा. तो डिस्नेचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून बोलायला, जगायला शिकला. मोठा भाऊ त्याला मिनी गोल्फ खेळताना अडखळत विचारतो, चुंबन घेताना ओठांखेरीज आणखी काय वापरतात. ओवेन विचार करतो आणि उत्तर देतो: भावना. भाऊ हतबल होतो, कारण डिस्नेच्या चित्रपटांत पहिल्या चुंबनानंतर पडदा पडतो आणि पुढचं शिकवायला घरात कोणीच नाही. त्यानंतर ओवेनची मैत्रीण नातं संपवते. कोणी दुष्टपणा केलेला नाही, जगात कुठेही संपतं तसं ते संपलं. त्याच्या वाट्याला प्रेमभंग येऊ दिला, याबद्दल मी त्या चित्रपटाचा आभारी आहे.

‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ ही मूळची ऑस्ट्रेलियन मालिका नेटफ्लिक्सवरून घराघरांत गेली आणि तिने अनेकांचे गैरसमज दूर केले, हे खरंच. पण लोकांना अवघडायला लावणाऱ्या प्रसंगी गोंडस संगीत वाजतं तेव्हा मला त्रास होतो. पंचविशी-तिशीतल्या माणसांची पहिली भेट बालवाडीतल्या स्नेहसंमेलनासारखी दिसू लागते. भेटीआधीच्या शिकवणीत डोळ्यांत बघायला, आलटून पालटून प्रश्न विचारायला सांगतात. समोरची व्यक्तीही ऑटिस्टिक असेल तर दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचा अट्टहास नेमका कोणासाठी? याउलट ‘एव्हरीथिंग्ज गॉना बी ओके’ (2020) या अमेरिकी मालिकेत मटिल्डा आणि ड्रिया या दोन मुली, दोन्ही भूमिका ऑटिस्टिक अभिनेत्रींच्या, आपल्या नात्याची बोलणी वकिलांसारखी काटेकोर करतात. ड्रियाला शरीरसंबंधांत रस नाही, मटिल्डाला आहे. मग लग्न करायचं तर कसं, हे त्या समोरासमोर बसून ठरवतात. इतर जोडपी जे विषय वर्षानुवर्षं टाळतात ते या दोघी टेबलावर ठेवतात, आणि बघताना वाटतं, यांच्याकडून शिकावं.

मराठीत ऑटिस्टिक प्रेमाचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. जवळचे दोन आहेत, दोन्ही बौद्धिक अक्षमतेचे, म्हणजे ऑटिझमहून वेगळ्या अवस्थेचे. संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’ (1991) मध्ये दिलीप प्रभावळकरांचा नंदू बालपणीच्या मुन्नीला, आता संसारी झालेल्या मीनलला, भेटतो. त्याची ओढ खरी आहे, पण तिला लहान मुलाची ओढ म्हटल्यावरच घराचा उंबरठा ओलांडता येतो. प्रसाद ओक यांचा ‘कच्चा लिंबू’ (2017) जयवंत दळवींच्या लेखनावर उभा आहे आणि कितीतरी धीट आहे. वयात आलेल्या बच्चूच्या शरीराची हाक त्यात लपवलेली नाही. पण ती ऐकू येते आईबापांच्या कानांनी: त्यांची आळीपाळीची राखण, थकवा, त्यांच्यातली आटत गेलेली जवळीक. प्रेमकथा आहे ती काटदरे पतिपत्नींची. बच्चू त्यांच्यावर आलेलं संकट आहे. मोठा चित्रपट आहे, आणि तरीही बच्चूला काय हवं होतं ते आपल्याला कळत नाही. महेश लिमये यांच्या ‘यलो’ (2014) मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली होती. कलाकार निवडण्याचं ते धैर्य मराठीने दाखवलं, पण त्या कथेचा विषय पोहणं होता.

आपल्या इथे या विषयाला आणखी एक पैलू आहे, जो परदेशी चित्रपटांत येऊच शकत नाही. त्यांच्या प्रेमकथा डेटिंगपासून सुरू होतात. आपल्याकडे निदान न झालेल्या कितीतरी ऑटिस्टिक माणसांची लग्नं कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ठरली. मुलगा घुमा आहे, एककल्ली आहे, पण नोकरी चांगली आणि निर्व्यसनी. मुलगी अबोल आहे, नाकासमोर चालणारी. पत्रिका जुळली, बार उडाला. मग एका खोलीत दोन माणसं आणि न कळणाऱ्या गोष्टींचा ढीग. त्याला तिने उशीचा अभ्रा बदललेला चालत नाही, तिला त्याने अचानक पाहुणे आणलेले सहन होत नाहीत. त्यांतली काही लग्नं मुकाट्याने कोमेजली, आणि काहींनी तोडगे काढले: वेगळी ताटं, ठरलेल्या वेळा, बोलायच्या ऐवजी चिठ्ठ्या. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ या सल्ल्याने काही घरांत फार मोठा अन्याय झाला, विशेषतः न विचारता गळ्यात मारलेल्या मुलींवर. हे सगळं चित्रपटाला आयतं मिळण्यासारखं आहे. ते लिहील असा पटकथाकार मराठीत नक्की आहे आणि त्याने आधी अशा एखाद्या जोडप्याजवळ बसून ऐकावं.

कायदा या बाबतीत चित्रपटाच्या पुढे गेला आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ऑटिझमला स्वतंत्र नोंद दिली आणि प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क दिला. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात लग्न करण्याचा, कुटुंब उभारण्याचा हक्क स्पष्ट आहे. दुसरीकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षं पूर्ण झालेल्या ऑटिस्टिक व्यक्तीसाठी पालक नेमता येतो, आणि ‘आमच्या मागे याचं काय?’ या धास्तीने अनेक आईवडील जिल्हा समितीकडे अर्ज करतात. एका कागदावर लग्नाचा हक्क, दुसऱ्या कागदावर पालकाची सही. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या दोघांची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही.

तशीच राहून गेलेली आहे न बोलणाऱ्यांची. वर उल्लेखलेले जवळजवळ सगळे प्रेमी बोलतात, झिलमिलही थोडंफार बोलते. अक्षरफळ्यावर बोट ठेवून किंवा टॅबलेटवर टाइप करून संवाद साधणारी ऑटिस्टिक माणसं पडद्यावर आली ती लेखक म्हणून, विद्यार्थी म्हणून, मुलं म्हणून. त्यांच्यापैकी कोणी प्रियकर किंवा प्रेयसी म्हणून आलेलं मी पाहिलेलं नाही.

हे चित्रपट पाहायचे तर ते कालक्रमाने पाहू नका, अशी माझी विनंती आहे. आधी ‘कीप द चेंज’ पाहा, मग ‘मोझार्ट अँड द व्हेल’, आणि मग ‘अ‍ॅडम’, ‘बर्फी’, ‘खान’. डेव्हिड आणि साराबरोबर दीड तास घालवल्यावर अ‍ॅडमचा तो सरळ प्रश्न वेगळा ऐकू येतो, आणि बेथने उत्तर द्यायला इतका वेळ का घेतला असेल याचा विचार करावासा वाटतो. पुढचे लेखही याच क्रमाने लावले आहेत.